यवतमाळची तीन छायाचित्रे

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे हिमालयाची शिखरे, रामेश्वराचा समुद्र, निदान महाबळेश्वरचे धुके तरी उभे राहते. आमचा प्रवास यांपैकी कोठलाही नव्हे. अमरावतीहून एस.टी.च्या लाल गाडीत बसावे, बडनेरा, नांदगाव खंडेश्वर, नेर अशी गावे मागे टाकावी, आणि दुपारच्या जेवणाच्या आत यवतमाळच्या स्थानकावर उतरावे, एवढाच तो. परंतु या लहानशा प्रवासात आम्हांस, चाळीस वर्षे मुलांना शिकविण्यात घालविलेल्या माणसास, एक धडा नव्याने शिकावा लागला. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचे कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू कैलासवासी झाल्यापासून वडीलकी आमच्याकडे आली. अधिकार मात्र वहिनींकडेच राहिला, हे घरोघरीचे रहस्य येथेही खरे आहे. वहिनींचा नातू अभियांत्रिकीची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला, आणि त्याने घरात बॉम्ब टाकावा तसे जाहीर केले की आपण नोकरी न धरता वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढणार. पुतण्या संतापला. त्याने पुण्याच्या एका कारखान्यात मुलासाठी जागा पाहून ठेविली होती. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुदत संपलेल्या एका ठेवीचे पैसे नातवाच्या हाती ठेविले आणि त्या पैशांचा कॅमेरा आला. अखेर पितापुत्रांत असा तह झाला की वर्षभरात एखाद्या वृत्तपत्राने कायम ठेवून घेतले तर ठीक, नाहीतर पुणे.

त्या वर्षातील दहा महिने कोरडे गेले. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आटोपली आणि एका वृत्तपत्राकडून पहिले काम आले. यवतमाळ जिल्ह्यातून तीन छायाचित्रे हवी होती: पहिले शकुंतला या छोट्या आगगाडीचे, दुसरे पांढऱ्याशुभ्र कापसाचे आणि तिसरे, ज्या शेतकऱ्याने आत्महत्या केली अशाच्या घरातील एखाद्या बाईचे. तिसऱ्याविषयी खास सूचना होती की चेहरा जवळून घ्यावा आणि साधल्यास डोळ्यांत पाणी असावे. काम मनास आले तर नेमणुकीचा विचार करू, असेही शब्द होते. आम्ही तरुणपणी काही वर्षे दारव्ह्यास शिक्षक होतो, मुलखाची माहिती आहे, म्हणून वहिनींनी आम्हांस बरोबर धाडले. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, त्याला त्याचं करू द्या. तुम्ही मध्ये मध्ये शिकवू नका." हा सल्ला आम्ही पाळला नाही, तो पुढे सांगूच.

यवतमाळ हे गाव पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले आहे. पूर्वी हा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्यास यवतमाळचे नाव मिळाले. एका अंगाने वर्धा नदी, दक्षिणेस पैनगंगा, मध्ये काळी जमीन आणि सागाची जंगले, असा हा प्रदेश. वृत्तपत्रव्यवसायाशीही याचे नाते जुने. वणी येथे १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळातूनच 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. याच बापूजींनी लोकमान्यांचे चरित्र संस्कृत पद्यात रचिले आणि त्या ग्रंथास त्यांच्या पश्चात, १९७३ साली, साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. संस्कृताचा व्यासंग आणि वर्तमानपत्राची धावपळ ही दोन्ही एका माणसास साधली, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे. गाडीत आम्ही हे सर्व चिरंजीवास सांगितले. त्याने खिडकीबाहेर पाहत "हो आजोबा" म्हटले. पहिल्या कामाच्या काळजीत असलेल्या मुलास इतिहास सांगू नये, हे शिक्षकाच्या ध्यानात उशिरा येते.

सर्वांत आधी शकुंतला. ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश कंपनीने घातली. मूर्तिजापूर ते यवतमाळ हे अंतर ११३ किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लोहमार्गापर्यंत, तेथून मुंबईस आणि मुंबईहून मँचेस्टरच्या गिरण्यांस पोचवावा, हा तिचा मूळ हेतू. देशातील बाकीच्या आगगाड्या सरकारी झाल्या, तरी या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही त्या कंपनीकडेच राहिली. १९२१ साली मँचेस्टर येथेच बांधलेले वाफेचे इंजिन तिला ओढीत असे. ते १९९४ साली निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेलचे आले. आम्ही दारव्ह्यास असता वाफेच्या इंजिनामागून कितीतरी वेळा प्रवास केला. गाडी इतकी सावकाश चाले की धोतराचा सोगा सावरीत उतरावे, रुळांकाठची चार बोरे तोडावी आणि पुन्हा डब्यात चढावे. या म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण बोरे खरीच खाल्ली होती.

ही गाडी बंद झाल्याचे आम्ही ऐकून होतो. तथापि निदान डबे, इंजिन, काहीतरी उभे असेल अशी चिरंजीवाची अपेक्षा होती. फाटकातून आत गेलो तो कमरेएवढे गवत. त्यात हात घालून चाचपले तेव्हा कोठे रूळ हाती लागला. जेथे आम्ही तिकिटासाठी उभे राहत असू त्याच्या आसपास एक शेळी आपल्या दोन करडांसह निवांत बसली होती. चिरंजीव बराच वेळ कॅमेरा हातात धरून नुसता उभा राहिला. शेवटी म्हणाला, "आजोबा, गाडीचा फोटो मागितलाय, आणि गाडीच नाही."

तेव्हा आम्हांस कालिदासाची आठवण झाली. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात, शकुंतलेस हातची घालविल्यानंतर, दुष्यंत तिचे चित्र काढून घेऊन बसतो. विदूषकास ते पूर्ण वाटते. राजास वाटत नाही. अजून मालिनी नदी काढावयाची राहिली, आश्रमातले वृक्ष राहिले, हरिणे राहिली, असे तो मोजीत बसतो. जी समोर होती तेव्हा ओळखली नाही, ती गेल्यावर चित्रात किती भरू आणि किती नको असे त्यास होते. हे आम्ही सविस्तर सांगितले. चिरंजीवाने यावेळी मात्र नीट ऐकले, आणि गवतात पालथा पडून, रूळ जेथे गवतात नाहीसा होतो त्या जागेचे छायाचित्र घेतले. एक काम झाले. मागितले होते ते नव्हे, पण झाले.

दुसऱ्या दिवशी कळंबकडे निघालो. तिकडच्या एका खेड्यात आमचा एक जुना विद्यार्थी शेती करतो. वाटेत कळंबास श्रीचिंतामणीचे दर्शन घेतले. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून गेले म्हणजे कुंड लागते आणि बाहेरचे ऊन एकदम मागे राहते. गौतमाच्या शापाने पोळलेला इंद्र येथे व्याधिमुक्त झाला अशी पुराणकथा आहे. गावात नवे रेल्वेस्थानकही पाहिले. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडास जाणाऱ्या रुंद मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २०२४ सालच्या फेब्रुवारीत सुरू झाला. जुनी शकुंतला कापसाच्या गाठींसाठी आली होती. ही नवी गाडी माणसांसाठी येत आहे, एवढा फरक शंभर वर्षांत पडला म्हणावयाचा.

कापसाचे छायाचित्र ही काही कठीण गोष्ट नव्हती. कार्तिकात हा मुलूख इतका सुंदर दिसतो की दुःखाचे नाव घेण्याचीही लाज वाटावी. काळ्या जमिनीवर पऱ्हाटी छातीएवढी वाढलेली, बोंडे फुटलेली, मधूनमधून तुरीची पिवळी फुले, आणि कमरेस ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बायांच्या रांगा. विद्यार्थ्याच्या शेतात पहिल्या वेचणीचे सीतादही नुकतेच झाले होते. दहीभाताचा नैवेद्य शेतातच ठेवून मग बोंडाला हात लावावयाचा, असा येथला रिवाज. चिरंजीवाने शेपन्नास छायाचित्रे घेतली असतील. मग आमच्या विद्यार्थ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेविला.

"छान येते जी कापसाचा फोटू," तो म्हणाला. "पण भाव फोटूत येत नाही नं."

आणि बांधावर बसून त्याने त्या पांढऱ्या शेताचा हिशेब आम्हांस समजावून दिला. या जिल्ह्यातली बहुतेक कपाशी पावसाच्या भरवशावर. बियाणे दरवर्षी विकत घ्यावयाचे. २००२ सालापासून जे नवे बीटी बियाणे आले त्याने आरंभी बोंडअळी हटली. पुढे गुलाबी अळी त्यालाही पुरून उरली आणि फवारणी पुन्हा वाढली. २०१७ सालच्या पावसाळ्यात अशी फवारणी करताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कापूस घरी आला तरी वेचणीची मजुरी किलोवर रोखीने द्यावी लागते. माल साठवावयास जागा नाही आणि देणेकरी दाराशी. सरकारी खरेदीत ओलावा आठ ते बारा टक्क्यांच्या आत लागतो, आणि पहिल्या वेचणीचा कापूस दवाने ओलसर असतो. मग तो व्यापाऱ्यास, तो म्हणेल त्या भावाने. २००६ साली पंतप्रधान या भागात येऊन गेले आणि विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या रकमेतून काय काय झाले याचे हिशेब पुष्कळांनी मांडले आहेत. पण आत्महत्यांच्या बातम्या त्यानंतरही थांबल्या नाहीत, हे वृत्तपत्र वाचणारा कोणीही सांगेल.

आम्ही गणित शिकविलेले नाही. तथापि हे गणित आम्हांस कळले. पीक बुडाले तर कर्ज, आणि पीक आले तर भाव पडून पुन्हा कर्ज. भेगाळलेल्या जमिनीवर आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी आपण चित्रांत पाहतो. येथे मात्र माणूस भरल्या, फुललेल्या शेतात खचतो. ही गोष्ट कॅमेऱ्यास कशी दिसावी?

आता तिसरे छायाचित्र. त्या गावाचे नाव आम्ही देत नाही. विद्यार्थी आम्हांस एका घरी घेऊन गेला. बाईंचे वय पस्तिशीच्या आत. चार वर्षांपूर्वी यजमान गेले. तीन एकर जमीन, सासरा अंथरुणास खिळलेला आणि एक मुलगी सातवीत. अशा कुटुंबांस सरकारकडून एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवाना असलेल्या सावकाराचे असले पाहिजे. यांचे होते नात्यातल्या एका माणसाचे, तोंडी. प्रकरण 'अपात्र' झाले. मरण एकच, कागदावर त्याच्या दोन जाती.

बाई नुकत्याच शेतातून आल्या होत्या. त्यांनी आम्हांस बसावयास घोंगडी दिली, पाणी दिले आणि चहाचे आधण ठेविले. चिरंजीवाने कॅमेऱ्याची पिशवी उघडली सुद्धा नाही. आम्हांस त्याची चिंता वाटू लागली. उजेड उतरत होता. शेवटची गाडी गाठावयाची होती. आणि मुख्य म्हणजे मुलाची नेमणूक या एका चित्रावर अवलंबून होती. येथे आम्ही वहिनींचा सल्ला मोडला. मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, "बाई, जरा इकडे उजेडात बसता का? आणि यजमानांची तसबीर हातात घ्या म्हणजे बरे."

बाईंनी आमच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, थकलेले माणूस पाहते तसे.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तवा पण लय जणं आले होते फोटूवाले. असंच म्हणे, तसबीर घ्या हातात. एक म्हणे, थोडं रडा. मले रडू येऊन येऊन सरलं होतं, तं मी कुठून आणू? मंग त्यायनं पोरीले रडवलं."

चुलीवर चहा उतू गेला तेव्हा कोठे आमची नजर वर झाली. चिरंजीव उठला, त्याने फडक्याने भांडे उतरविले आणि बाईंस म्हणाला, "काकू, फोटो नाही काढत. चहा घेऊ आणि जाऊ."

चहा झाला. मुलगी शाळेतून आली. पाठीवर दप्तर, दोन वेण्या, लाल फिती. आम्ही निघण्यासाठी उठलो तो बाईंनीच हाक मारली. "दादा, काढाचाच असन तं पोरीसंगं एक काढा. घरात लावाले. आमच्या दोघींचा एकही नाही."

मग मायलेकी दारात उभ्या राहिल्या. बाईंनी पदर सारखा केला, मुलीने फित घट्ट बांधली. डोळ्यांत पाणी नव्हते. एखाद्या लग्नसमारंभात उभे राहावे तशा ताठ आणि थोड्या अवघडलेल्या त्या उभ्या होत्या. शेवटच्या क्षणी आईने मुलीच्या केसात अडकलेला कापसाचा तंतू काढला, आणि नेमके तेवढेच चित्रात आले.

त्या रात्री यवतमाळच्या उतारशाळेत चिरंजीवाने ते छायाचित्र आम्हांस दाखविले. आम्ही पुष्कळ चित्रे पाहिली नाहीत. पण ते पाहून घसा दाटला. म्हणालो, "हेच पाठव. पाणी नसले म्हणून काय झाले? संपादकास चेहरा हवा होता. यात दोन आहेत. तुझी नेमणूक झालीच म्हणून समज."

"नाही आजोबा," तो म्हणाला. "हा त्यांच्या घरचा फोटो आहे. त्यांनी भिंतीवर लावायला काढवून घेतलाय. पेपरात दिला तर खाली मथळा काय येईल, तुम्हांला माहीत आहे."

आम्ही वाद घातला. त्याच्या वडिलांचे, वहिनींच्या ठेवीचे स्मरण दिले. बाईंना विचारून पाहू, असेही सुचविले. तो म्हणाला, "चहा पिऊन झाल्यावर विचारलं तर त्या नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच विचारायचं नाही." यावर उत्तर नव्हते. शास्त्र आम्ही शिकलो होतो. विवेक त्याच्याजवळ होता. तरी आम्ही रुसून भिंतीकडे तोंड करून निजलो, हेही कबूल केले पाहिजे.

अमरावतीस आल्यावर त्याने गवतातल्या रुळांचे एक आणि वेचणीच्या रांगेचे एक, अशी दोनच छायाचित्रे पाठविली आणि तिसरे मिळाले नाही असे कळविले. रविवारच्या अंकात लेख आला. शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाचे एक जुने चित्र अर्ध्या पानावर होते. आमचे रूळ कोपऱ्यात, टपालाच्या पाकिटाएवढे. कापूस नव्हताच. तिसऱ्या जागी कोठल्यातरी दुसऱ्याच वर्षीचा, दुसऱ्याच गावचा एक रडता चेहरा होता. पुढे दोन ओळींचा निरोप आला: काम अपेक्षेप्रमाणे झाले नाही; आभार. पुतण्याने तो वाचला, घडी घातली, आणि पुण्याचे तिकीट काढावयास सांगितले. त्याने मुलास एक शब्दही टाकून बोलले नाही, ही त्याची थोरवी.

जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही चिरंजीवास होमाई व्यारावाला यांची हकीकत सांगितली. भारतातील या पहिल्या स्त्री छायाचित्र-पत्रकार. नवसारीस १९१३ साली जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या होमाईंची पहिली प्रसिद्ध झालेली छायाचित्रे एका महिला मंडळाच्या वनभोजनाची होती. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने ती छापिली आणि चित्रास एक रुपया दिला. आरंभी त्यांची कित्येक चित्रे पतीच्या नावाने छापली गेली. त्याच बाईंनी पुढे स्वातंत्र्याची पहाट आणि गांधीजींची अंत्ययात्रा टिपली, आणि वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, २०११ साली, त्यांस पद्मविभूषण मिळाले. "तेव्हा पहिल्या कामावरून काही ठरत नाही," असा समारोप आम्ही केला.

चिरंजीव हसला. म्हणाला, "आजोबा, पहिल्या कामावरून ठरलं. काय काढायचं नाही ते." मग जरा थांबून, "पण तुमचा दुष्यंत बरोबर होता. पुष्कळ राहिलंय."

आज तो पुण्यास आहे. कारखान्यात आठवड्याचे पाच दिवस, आणि उरलेल्या दोन दिवसांत कॅमेरा. त्या मायलेकींचे छायाचित्र त्याने मोठे करून, चौकटीत बसवून पाठविले. पुढील चैत्रात आम्हांस एक पोस्टकार्ड आले. मुलीच्या हातचे, शाई थोडी फुटलेली. 'फोटो मिळाला. आईने दारासमोरच्या भींतीवर लावला आहे. बाबांचा फोटो शेजारी आहे. मी आठवीत गेले की संस्कृत घेणार आहे.'

'भिंती'तली 'भि' तिने दीर्घ लिहिली होती. चाळीस वर्षांच्या सवयीने हात लाल शाईकडे गेला. मग आम्ही ते कार्ड वहिनींस वाचून दाखविले, आणि तसेच त्यांच्या देवघराच्या फळीवर ठेविले.